मनस्वीचा विषय मी ठरवते

५ जानेवारी २०२५. सकाळी.
निवृत्त झाल्यापासून आळस वाढला आहे. म्हणून रोजनिशी. दुसरं कारण महत्त्वाचं. मनस्वीच्या एम.एस्सी.चा विषय ठरवायचा आहे आणि या घरात पद्धतशीर विचार करणारी मी एकटीच आहे.
परिस्थिती अशी. मुलगी एकुलती. कल्याणच्या कॉलेजातून बी.एस्सी. बॉटनी, पहिला वर्ग. परदेशात शिकायचं म्हणते. माझी हरकत नाही. मी स्वतः केमिस्ट्रीची पदवीधर, तीही मुरबाडच्या मुली बारावीनंतर घरी बसत तेव्हाची. नंतर नोकरीभर शाळेत विज्ञान शिकवलं. विषय कसा निवडावा हे मला कोणी सांगायला नको.
पैशाची व्यवस्था झालेली आहे. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.
मनस्वीला सॉइल सायन्स करायचं आहे. म्हणजे माती. मातीसाठी विमानात बसायची काय गरज? धसईला, ह्यांच्या गावी, आमची आहे.
संकल्प: २६ जानेवारीच्या आत विषय पक्का.

१४ जानेवारी
म्हशाच्या जत्रेला जाऊन आलो. हे बैलबाजारात रमले. आमच्याकडे बैल राहिले नाहीत, पॉवर टिलर आहे, तरी ह्यांनी एका खोंडाचे दात पाहिले, पाठीवर थाप मारली, चालवून पाहिला आणि घ्यायचा नाही म्हणून सांगून टाकलं.
परतताना जीपमध्ये मी म्हटलं, विषयही मी असाच पारखून घेणार. दात, चाल, सगळं. हे म्हणाले, बैलाला निदान चालवून तरी बघतात गो. पोरीला इचारलंस का? मी म्हटलं, विचारायचं काय? तिचं ठरलेलं आहे, म्हणून तर मला लक्ष घालावं लागतंय.
मनस्वी खिडकीशी बसून जिलबी खात होती. हसली.

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदन. माजी शिक्षकांना दुसऱ्या रांगेत खुर्च्या. माझ्या जागी आलेले रविंद्र सर म्हणाले, बाई, आता जगात एकच विषय, डेटा सायन्स. मुलगा बरा दिसतो. अक्षर वाईट आहे.
विषय ठरला. डेटा सायन्स.
मनस्वीला सांगितलं. म्हणाली, आई, मी गणित बारावीनंतर सोडलं. म्हटलं, सोडलेलं पुन्हा धरता येतं.
संकल्प पूर्ण. वेळेत.

२८ जानेवारी
डेटा सायन्स रद्द. प्रवेशाला पदवीपर्यंत गणित लागतं. मनस्वीने हे आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं.

९ फेब्रुवारी
फॉरेन्सिक सायन्स. गुन्ह्याचा तपास प्रयोगशाळेत. शिस्तीचा विषय. मला फार आवडला.
मनस्वी म्हणाली, मला रक्त बघवत नाही. म्हटलं, सवयीने बघवतं. संध्याकाळी हे म्हणाले, म्हणजे पोलिसांच्या गाडीतून हिंडायचं का पोरीने? त्यात तथ्य वाटलं. रद्द.

१८ फेब्रुवारी
कल्याणच्या एका सल्ला केंद्राशी ऑनलाइन बोलणं झालं. सगळे अर्ज माझ्या मेलवरून आहेत आणि ओटीपी माझ्या फोनवर येतो. मुलांच्या हाती अशा गोष्टी दिल्या की घोळ होतो.
वेळ मनस्वीच्या नावाने घेतली होती, पण ती पासपोर्टच्या कामाला गेली होती. म्हणून मी बसले. कॅमेरा बंद. पलीकडे रेश्मा नावाची मुलगी. हाय मनस्वी, तुझा इंटरेस्ट कशात आहे, म्हणाली. मी सांगितलं, मी मनस्वीची आई. मग मनस्वी आहे का, मॅम? म्हटलं, तिच्या वतीने मी आहे.
माझे प्रश्न तयार होते. सगळ्यात कमी मुदतीचा कोर्स कोणता? संपल्यावर तिकडे राहायची सक्ती असते का? मध्ये घरी येता येतं का? रेश्मा म्हणाली, मॅम, सहसा पेरेंट्स उलटं विचारतात, तिकडे राहता येईल का म्हणून. मी म्हटलं, मी सहसातली नाही.
निष्पन्न: फूड सेफ्टी. म्हणजे अन्नसुरक्षा. ब्रिटनमध्ये, एकच वर्ष. उत्तम.
मनस्वीने नेदरलँड्सच्या एका विद्यापीठात सॉइल सायन्ससाठीही अर्ज करायचा हट्ट धरला. ते दोन वर्षांचं. परवानगी दिली. मिळणार नाहीच.

२३ फेब्रुवारी
फूड सेफ्टीच्या अर्जासाठी निबंध लागतो. मी लिहिला. बालपणापासून मला अन्नाच्या सुरक्षिततेची ओढ आहे, अशी सुरुवात केली आहे.
मातीचा निबंध मनस्वीने स्वतः लिहिला. मी मागितला नाही. एकदा मागितला होता. म्हणाली, राहू दे ना आई, हा माझा आहे.

१२ मार्च
धसईला राब भाजला. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. ह्यांच्या आज्यापणज्यापासून चाललंय. मनस्वी गेलं वर्षभर हेच धरून बसली आहे. जाळण्याआधीची माती वेगळी भरायची, जाळल्यानंतरची वेगळी, पावसानंतरची वेगळी. श्रीखंडाच्या डब्यांत भरते, वर चिठ्ठ्या लावते आणि आमच्या खिडकीत रांगेने ठेवते. जाळून मातीचं भलं होतं की वाटोळं, हे तिला शोधायचं आहे.
दिवसभर धुरात उभी होती. तोंड काळं. गिरजावन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, तिथे होत्याच. म्हणाल्या, वयनी, आमी अडानी राख फुकट भरतो, तुमची पोर ती शिकून भरते. सगळे हसले. मनस्वी सगळ्यात जास्त. आत्याच्या अंगावर मूठभर राख टाकून पळाली. बी.एस्सी. झालेली मुलगी.
मी हसले नाही. कोणीतरी गंभीर राहिलं पाहिजे.

२ एप्रिल
पाडव्याची राहिलेली साफसफाई केली. खिडकी स्वच्छ. श्रीखंडाचे डबे रिकामे करून, घासून, उन्हात वाळवले. माती कुंड्यांना घातली. जास्वंदीला उपयोग होईल.
मनस्वी संध्याकाळी आली. खिडकीपाशी गेली. विचारलं, माती कुठे? सांगितलं. म्हणाली, त्यावर तारखा होत्या, आई. म्हटलं, डबे आहेत, तारखा पुन्हा लिहिता येतील.
ती कुंड्यांपाशी जाऊन बसली. मातीत हात घालून त्यातलं काही वेगळं काढता येतं का बघत होती. येत नव्हतं.
जेवली नाही. पोट बिघडलं असावं. फूड सेफ्टी किती आवश्यक आहे ते पुन्हा दिसलं.

२२ एप्रिल
दोन्हीकडून होकार आले. एकाच आठवड्यात.
नेदरलँड्सवाले शिष्यवृत्तीही देतात. मी मेल मोठ्याने वाचला. मनस्वी किंचाळली. हे अंगणातून धावत आले, त्यांना वाटलं विंचू चावला. मग दोघं नाचली. हे म्हणत होते, वा गो माझी बाय, आमच्या राबाला गोऱ्यांनी इनाम दिलं. शेजारी ऐकू जाईल म्हणून दार लावून घेतलं.
माझं मत: एखादी गोष्ट फुकट देतात, म्हणजे ती कोणी घेत नाही. शाळेत शिल्लक राहिलेली पुस्तकंच आम्ही फुकट वाटत असू.
मनस्वी म्हणाली, आई, हो म्हणून टाक ना, ओटीपी तुझ्याकडे येईल. म्हटलं, मुदत मे महिन्याच्या मध्यापर्यंत आहे. मी अभ्यास करून सांगते.

२५ एप्रिल
मनस्वी मैत्रिणीच्या लग्नाला शहापूरला. मुक्काम तिकडेच. घरात विशेष काही नाही. दुपारी दोनदा झोपून पाहिलं. दिवस मोठा होता.

४ मे. धसई.
गिरजावन्संनी धरून नेलं. म्हणाल्या, वयनी, एवढा घोर लागलाय तर गावदेवीला कौल लावा, तिच्याहून मोठी म्याडम कोन हाय? मी विज्ञानाची शिक्षिका. केवळ वन्संचा मान राखायला गेले.
देवळातला भगीरथ देवीच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवतो. आपण प्रश्न विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.
विचारलं, फूड सेफ्टी योग्य आहे का? डावं पडलं.
भगीरथला म्हटलं, प्रश्न संदिग्ध होता, पुन्हा लाव. विचारलं, एका वर्षाचा कोर्स योग्य आहे का? डावं.
तिसऱ्यांदा प्रश्न फिरवून घेतला. नेदरलँड्सला पाठवायची का? उजवं. लगेच. आवाजसुद्धा आला पडल्याचा.
चौथ्यांदा लाव म्हटलं. भगीरथ म्हणाला, बाई, देवी तोच पेपर परत परत तपासत नाय. वन्संनी पदर तोंडाला लावला. त्या रडत नव्हत्या.
अंधश्रद्धा आहे. त्यामुळे बंधनकारक नाही. शिवाय पंखा त्यांनी डाव्या बाजूला लावला होता, आणि तिसऱ्या वेळी वीज गेली होती.

१३ मे
निर्णय घेतला.
मनस्वी सकाळीच धसईला गेली होती, माती पुन्हा भरायला. मी आंघोळ करून शांतपणे बसले. दोन्हींचे फायदेतोटे माझ्या मनात स्पष्ट होते. फूड सेफ्टीला हो म्हटलं.
मग नेदरलँड्स. परीक्षेचा साधा नियम आहे, एका प्रश्नाला दोन पर्यायांवर खूण केली तर गुण मिळत नाहीत. मुलांना जन्मभर हेच सांगत आले. म्हणून तिकडे नकार कळवला. नक्की का, असं त्यांनी विचारलं. नक्की, म्हणून सांगितलं. ओटीपी आला, तो घातला.
मोकळं वाटलं.
संध्याकाळी मनस्वीला सांगितलं. ती चप्पल काढत होती. एक काढून तशीच थांबली. म्हणाली, म्हणजे उत्तर दिलं नाहीस, की नाही म्हटलंस? म्हटलं, नाही म्हटलं. लोकांना लटकवून ठेवणं आपल्या घरात बसत नाही.
ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विजार झटकत शेतावर निघून गेले. तिन्हीसांजेला शेतावर काय काम असतं?

१७ मे
मनस्वीने नेदरलँड्सला स्वतः मेल केला. माझ्याच मेलवरून. चूक झाली, जागा परत द्या, म्हणून. उत्तर आलं. जागा आणि शिष्यवृत्ती प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला दिली. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा, शिष्यवृत्तीची खात्री नाही.
बघा, किती घाई. अशा लोकांकडे दोन वर्षं मुलगी ठेवायची होती.
चूक झाली असं तिने का लिहिलं ते विचारायचं राहिलं.

१ जून
ब्रिटनच्या विद्यापीठाचा होकार ऑनलाइन मुलाखतीनंतरच पक्का होतो, ती आता होणार आहे. तयारी सुरू. मी नमुना उत्तरं काढली. हा विषय का निवडला? उत्तर: भारतासारख्या देशात अन्नातील भेसळ ही गंभीर समस्या असून इत्यादी. मनस्वी म्हणते. एकदाही अडखळत नाही. पाढे म्हणावेत तशी.
म्हटलं, जरा भाव आण. म्हणाली, कोणता?

१९ जून
मुलाखत झाली. मी स्वयंपाकघरात होते. शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून कुकर लावला नाही. दार बंद होतं, त्यामुळे शब्द कळले नाहीत, पण मुलगी भरभरून बोलत होती. मध्ये हसलीही. किती दिवसांनी. आमच्या उत्तरांत हसण्याची जागा नव्हती, तरी म्हटलं, ठीक आहे.
बाहेर आल्यावर विचारलं. म्हणाली, छान होत्या त्या बाई.
ह्यांना सांगितलं, काम फत्ते. बॅगा बघायला हव्यात.

३० जून
नकार आला. अर्जदाराला या विषयात स्वतःचा रस असल्याचं दिसून आलं नाही, असं लिहिलं आहे.
मनस्वीला समोर बसवलं. काय काय विचारलं, क्रमाने सांग. पहिलाच प्रश्न, हा विषय का निवडला. मी विचारलं, मग? म्हणाली, सांगितलं, आईने निवडला. मग त्या बाईंनी विचारलं, तुला काय शिकायला आवडलं असतं? त्यावर ही राबाबद्दल बोलत बसली. शेवटपर्यंत.
म्हटलं, पाठ केलेलं उत्तर का नाही दिलंस?
म्हणाली, खोटं बोलायचं नाही, असं तूच शिकवलंस ना.
उद्धटपणे म्हणाली नाही. मी नीट लक्ष देऊन ऐकलं. उद्धटपणा असता तर बरं झालं असतं. त्यावर काय करायचं ते मला येतं.

९ जुलै
ब्रिटनला पुन्हा लिहिलं. मुलगी भोळी आहे, तिला विषयाची आवड आहे, मी साक्ष द्यायला तयार आहे. उत्तर आलं, निर्णय अंतिम आहे. रेश्माला फोन केला. म्हणाली, मॅम, यापुढे मी फक्त अर्जदाराशी बोलेन. हल्ली व्यवसायात शिस्त राहिली नाही.
धसईला लावणी चालू. मनस्वी चिखलात सगळ्यांबरोबर. वन्सं सांगत होत्या, पोर बोलत नाय गो वयनी, मी राखेची मस्करी केली तरी गप. म्हटलं, मोठी झाली.

२ ऑगस्ट
मनस्वी घरी आहे. पहाटे उठते, पाणी भरते, माझ्याआधी चहा ठेवते. सांगितलेलं ऐकते. काल म्हटलं, केस कापून घे, घेतले. निळा ड्रेस घाल म्हटलं, घातला. मुरबाडच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात लॅबला माणूस हवा आहे, जा म्हटलं. गेली. सोमवारपासून लागली.
लहानपणी इतकी सरळ नव्हती. फार वाद घालायची. संस्कार उशिरा का होईना फळतात.
घरात शांतता आहे. मला शांतता हवीच होती.

१९ ऑगस्ट
खिडकी रिकामी बरी दिसत नाही. मनस्वीला म्हटलं, हवं तर डबे ठेव तिथे, माती भर. माझी हरकत नाही. हो म्हणाली. संध्याकाळी डबे धुऊन ओळीने ठेवले. रिकामे. विचारलं, माती? म्हणाली, कुठली भरू?

७ सप्टेंबर. रविवार.
आज ठरवून विषय काढला. पुढच्या वर्षीचे अर्ज लवकरच सुरू होतील. या वेळी सगळं तिच्या कलाने घ्यायचं, असा संकल्प केला होता. जेवणं झाल्यावर विचारलं, पुढच्या वर्षी कुठला विषय घ्यायचा? म्हणाली, तू सांग. म्हटलं, मी नाही सांगणार. तुला काय आवडतं ते बोल.
ती ताटं गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, तेही तूच सांग ना, आई. मला काय आवडतं?
टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. ताटं हातात धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली.
म्हटलं, विचार करून सांगते.
ती घासायला गेली. मी बसले विचार करायला. आपली एकुलती मुलगी, काही अवघड नाही. माती मुद्दाम बाजूला ठेवली, ते झालं. त्याखेरीज. बराच वेळ गेला. शेवटी आवडत नाही त्या बाजूने सुरुवात केली, ते सोपं पडतं. वाटाणे. वाटाण्याची उसळ तिला अजिबात आवडत नाही, म्हणून ती मी घरात कधी करत नाही. एवढं नक्की.
ओटीवर ह्यांना म्हटलं, निदान वाटाण्याचं तरी मला पक्कं माहीत आहे.
हे म्हणाले, वाटाने तुला आवडत नाय गो. पोर आत्याकडे वाडगा भरून खाते.